हात लावू नका

माझ्या पर्समध्ये कायम शिट्टी, नेलकटर आणि कापसाचं बंडल असायचं. पुढं नियम बदलले तशी हिरवं, पिवळं आणि लाल अशी तीन कार्डंही आली. पावडरीच्या डबीला जागा उरली नाही, अशी माझी भाची अजून चेष्टा करते. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या मैदानावर मी उतरले, की पोरी हात पाठीमागं लपवायच्या. वाढलेलं नख दिसलं तर मी सामना सुरूच करू द्यायची नाही. कबड्डीत नख किती खोल जातं हे मला कुणी सांगायला नको, माझ्या डाव्या भुवईत चार टाक्यांची खूण आहे.

मी उंब्रजची. कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचं आणि कॉलेजा-कॉलेजांतल्या मुलींच्या कबड्डी सामन्यांना पंच म्हणून उभं राहायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता कुणी कामाबद्दल विचारलं की मी गमतीच्या गोष्टी सांगते. माणमधली एक पोरगी पोटऱ्यांना एरंडेल चोपडून आली होती, कुणी धरलं तरी निसटता यावं म्हणून. तिला साबण देऊन नळावर पिटाळलं. एकदा उंब्रजच्या सामन्यात नवं लग्न झालेली खेळाडू मंगळसूत्र काढायला तयार होईना. अंगावर दागिना चालत नाही, हा नियम. मी अडून बसले, तीही अडून बसली. शेवटी प्रेक्षकांतून तिची सासू उठून आली. सुनेच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिनं स्वतःच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "माज्यापाशी हाय. जा, चार गडी बाद करून ये, मग देते."

लोक हसतात, मीही हसते. पण खरं सांगायचं तर या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर ते घाबरणं. शिट्टी तोंडात धरून, चेहरा कडक ठेवून, पहिल्या चढाईपासून शेवटच्या चढाईपर्यंत मी घाबरलेली असायची. लोक मला धीट बाई समजायचे, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

ज्यांनी कबड्डी नुसती टीव्हीवर बघितली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक खेळाडू "कबड्डी कबड्डी" म्हणत एका दमात समोरच्या अंगणात चढाईला जाते. समोर सात जणी असतात. त्यांच्यातल्या कुणाला तरी शिवून तिला मध्यरेषेवर परत यायचं असतं, आणि त्या साती जणींना तिचा दम संपेपर्यंत तिला धरून ठेवायचं असतं. घोटा धरा, मांडी धरा, कंबर धरा, सगळं चालतं. चालत नाही ते थोडंच आहे. तिचं तोंड दाबायचं नाही, केस आणि कपडे ओढायचे नाहीत, आपल्या दोन पायांच्या कैचीत तिचे पाय अडकवायचे नाहीत. आणि इजा होईल अशी धसमुसळी पकड करायची नाही. पहिल्या गोष्टी डोळ्यांना दिसतात. शेवटची मात्र पंचानं ठरवायची असते. कमरेला धरून उचललेली पोरगी खाली ठेवली की आपटली, हे पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं. आणि आपटली की लोक टाळ्या वाजवतात. "उचल तिला, उचल!" असं ओरडणाऱ्यांत मी प्राचार्यसुद्धा बघितले आहेत.

उचललेला माणूस पायांवर पडत नाही. खांद्यावर पडला तर नशीब, नाहीतर डोक्यावर पडतो आणि सगळा भार मानेवर येतो. त्या वेळी होणारा आवाज फार मोठा नसतो. पहिल्या रांगेलाही तो ऐकू जात नाही, पण जवळ उभ्या असलेल्या पंचाला जातो.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. आण्णा जुने पैलवान. कुणाच्या मानेला उसण भरली, कुणाचा खांदा उतरला, की माणसं आमच्या ओसरीवर यायची. आण्णा माणसाला खाली बसवायचे, त्याच्या पाठीला गुडघा लावायचे, एक हात हनुवटीला, एक हात डोक्याला, आणि बोलता बोलता झटक्यात मान फिरवायचे. कट असा आवाज व्हायचा आणि माणूस हसत उठायचा. मी खेळत होते तेव्हा प्रत्येक सामन्याआधी ते माझी मान अशीच मोडायचे. त्याशिवाय अंग मोकळं झाल्यासारखं मला वाटत नसे. मी पंच झाले तरी त्यांनी सामने सोडले नाहीत. फेटा बांधून, काठी दोन गुडघ्यांत धरून पहिल्या रांगेत बसलेले असायचे. मैदानावर कुणी पडलं की लोकच म्हणायचे, "आण्णास्नी बोलवा."

आमच्या भागात पडलेल्या खेळाडूला पडून राहू देत नाहीत. दोघी बगलेत हात घालतात, तिसरी पाठीवर थाप मारते, "ऊठ, ऊठ, काय न्हाई झालं" म्हणत तिला चालवतात. लंगडत का होईना चालली, की टाळ्या. पडून राहण्यात कमीपणा वाटतो. मलाही तो वाटायचा. खेळत असताना मी मोडक्या बोटानं उभी राहिले आहे आणि त्याची फुशारकी मारली आहे.

तासगावच्या सामन्यात सुवर्णा चढाईला गेली, तेव्हा मी मध्यरेषेजवळ उभी होते. सुवर्णा तिथल्याच द्राक्षबागायतदाराची मुलगी. अंगानं बारीक आणि पायानं लय चपळ. मैदान मातीचं होतं, चोपून चोपून टणक झालेलं. कोपऱ्यातल्या पोरीनं आपल्या पायांची कैची घातली, दुसरीनं मागून कमरेला धरून उचललं, आणि सुवर्णा डोक्यावर आली. कैची मला दिसली होती. पण समोरच्या पंचांनी पकड मान्य करून हात वर केला, लोक नाचायला लागले, आणि मी माझा हात खालीच ठेवला. तेव्हा मी पंचगिरीत नवी होते. ज्येष्ठ माणसाचा निर्णय सगळ्यांसमोर खोडायचा धीर झाला नाही.

सुवर्णा उठेना. दोघींनी तिला बगलेत धरून बसवलं तशी ती किंचाळली. "मॅडम, हातात मुंग्या आल्यात," असं म्हणाली. आणि मी काय केलं? मी पहिल्या रांगेकडं बघून हाक मारली, "आण्णा, जरा बघा हो."

आण्णा आले. मी स्वतः तिचे खांदे दाबून धरले. कट असा आवाज झाला. ती हसत उठली नाही. ओरडलीही नाही. तिच्या चेहऱ्याचा रंग गेला, एवढंच.

सांगली झाली, पुणं झालं, पुष्कळ दिवस उपचार चालले. सुवर्णा चालायला लागली, पण डावा हात कायमचा अर्धा राहिला. तो पकडीनं गेला, उचलून बसवल्यानं गेला, की आण्णांच्या झटक्यानं, हे कुणी सांगू शकलं नाही. खरं म्हणजे कुणी विचारलंच नाही. उलट तिचे वडील द्राक्षांची पेटी घेऊन आमच्या घरी आले आणि आण्णांचे पाय धरून म्हणाले, "तुमी व्हता म्हणून पोरगी वाचली." आण्णांनी त्यांना उठवून जवळ घेतलं. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. हातातला कप खाली ठेवायलाही मला भीती वाटली, वाजेल म्हणून.

पुढं प्रथमोपचाराच्या एका शिबिरात एका डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. मानेवर पडलेल्या माणसाला आहे तसा राहू द्या, त्याचं डोकं आहे तसं धरा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. मणका दुखावला असेल तर एक चुकीचा झटका पुरतो. बाकीचे लोक वहीत लिहून घेत होते. माझी वही कोरीच राहिली.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी मी माईक घेऊन सांगायला लागले, "पडलेल्या खेळाडूला कुणीही उचलायचं नाही. कुणीही हात लावायचा नाही." मैदानाजवळ रुग्णवाहिका नसेल तर नाणेफेक करायची नाही. आयोजक वैतागायचे. "आवं मॅडम, पोरी खेळायला आल्यात, लढाईला न्हाई," असं एक संचालक मला म्हणाले. दोन्ही जिल्ह्यांत माझं नावच 'हात लावू नका मॅडम' पडलं. मी ते मिरवलं. पण खरी गोष्ट अशी, की आण्णा पहिल्या रांगेत बसून माझी सूचना ऐकायचे आणि पसंतीची मान हलवायचे. आडाण्यांना असं सांगायलाच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ती सूचना आपल्याला लागू आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही आणि मी ते आणू दिलं नाही. मैदानाबाहेर, आमच्या ओसरीवर, मी कुणालाच अडवलं नाही. माझी स्वतःचीही मान त्यांच्याकडून मोडून घेत राहिले. नको म्हटलं असतं तर का नको, ते सांगावं लागलं असतं.

सुवर्णा मला एकदा तासगावच्या एसटी स्टँडवर भेटली. उजव्या हातात पिशवी, डावा हात पदराखाली. "मॅडम, लय दिसांनी!" म्हणून हसली. बागेत घडांची विरळणी करता येत नाही म्हणाली, बाकी सगळं जमतं. आण्णांची तब्येत तिनं आपुलकीनं विचारली. मी गाडी सुटेल या निमित्तानं तिथून निघाले. माझ्या गाडीला अजून अर्धा तास होता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी सांगलीत अंतिम सामना होता. आता माती नव्हती, निळी मॅट होती. माणच्या संघात प्रतीक्षा नावाची चढाईपटू होती. बाप मुंबईला कामाला, घरी आई आणि शेरडं. खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीला लागायचं, हे तिनं नववीतच ठरवलेलं. समोरच्या संघाच्या उजव्या कोपऱ्यात एक दणकट पोरगी होती. पहिल्या सत्रात तिनं एकीला उचलून आडवं टाकलं. मी हिरवं कार्ड दाखवलं, म्हणजे नुसती ताकीद. पिवळं दाखवलं असतं तर तिला दोन मिनिटं बाहेर बसावं लागलं असतं आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझं बोट पिवळ्या कार्डावर होतं. पण अंतिम सामना होता, व्यासपीठावर पाहुणे होते, आणि हे माझं शेवटचं वर्ष होतं. मी हिरवं काढलं.

दुसऱ्या सत्रात त्याच पोरीनं प्रतीक्षाला कमरेला धरून उचललं. मी हवेतच शिट्टी मारली. शिट्टीनं कुणी हवेत थांबत नाही. प्रतीक्षा डोक्यावर आली, आणि तो आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला.

मी धावले, लाल कार्ड कुठंतरी फेकल्यासारखं दाखवलं आणि तिच्या डोक्याशी गुडघे टेकले. दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं. तिच्या संघातल्या पोरी बगलेत हात घालायला वाकल्या, त्यांना मी अशी ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"मॅडम," प्रतीक्षा वर बघत म्हणाली, "माजं पाय कुटं हायत?"

"हायेत बाळ. हलू नकोस. माझ्याकडं बघ."

"मला जाणवंनात ओ."

रुग्णवाहिका होती, पण ती पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागं अडकली होती. लाऊडस्पीकरवर गाड्यांचे नंबर पुकारत होते. माझ्याच हातांनी तिची मान हलेल या भीतीनं मी कोपरं मॅटवर घट्ट रोवली. तेवढ्यात मागं कुजबुज झाली, "आण्णा आलं, आण्णा आलं," आणि गर्दीनं वाट करून दिली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं. माणच्या संघाचे प्रशिक्षक हात जोडून म्हणाले, "मॅडम, आण्णास्नी बघू द्या. त्येंचा हात लागला की पोरगी उटून बसंल."

आण्णांनी काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. वयाची ऐंशी ओलांडली होती, पण हात तसेच रुंद होते. या हातांनी मला सायकल शिकवली होती.

"आण्णा, हात लावू नका."

"आगं, मी हाय," ते म्हणाले. मी ओळखलं नसेल असं त्यांना वाटलं.

"तुम्हीच लावू नका. माघारी जावा."

आण्णांचे हात तसेच पुढं राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग प्रतीक्षाकडं, मग परत माझ्याकडं. "सगळ्यांम्होरं असं बोलतीस, शालन?" एवढंच हळू म्हणाले. मी मान वर केली नाही. माझ्या तळव्यांत दुसऱ्या कुणाची तरी मान होती. काठी उचलल्याचा आवाज आला आणि ती टकटक करत लांब गेली.

फळीवर घेऊन, मानेला पट्टा लावून प्रतीक्षाला इस्पितळात नेलं. दुपारी डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. मानेच्या मणक्याला तडा गेला होता. "मैदानावर कुणी मान हलवली नाही ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग पाय येतील. फिरवली असती तर आपण वेगळंच बोलत बसलो असतो." मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. आनंदानं रडले असं लोकांना वाटलं. मला तासगाव आठवत होतं.

घरी आले तर आण्णा एकटेच एसटीनं परतले होते आणि ओसरीवर फेटा न सोडता बसले होते. मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, कारण आता लपवायला जागाच उरली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. फेटा सोडून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "मग त्या तासगावच्या पोरीचं बी असंच आसंल का गं?"

"माहीत नाही, आण्णा. कैची दिसूनही मी सोडून दिली होती. हाक मी मारली होती. खांदे मीच धरले होते."

"पर हात माजं व्हतं," ते म्हणाले.

प्रतीक्षा आता चालते. पळते का, माहीत नाही. कबड्डी सुटली, त्या कोट्यातली भरतीही गेली. तिची आई दर सणाला फोन करून माझे उपकार मानते. प्रतीक्षा स्वतः कधी फोनवर येत नाही. पहिल्या सत्रातलं हिरवं कार्ड तिनंही बघितलं होतं. ती मला माफ करत नसेल तर तिचं चुकत नाही.

आमच्या ओसरीवर अजून माणसं येतात. आण्णा त्यांना बसवून घेतात, विचारपूस करतात आणि "आधी दवाखान्यात फोटू काडून या" म्हणून वाटेला लावतात. गावात बोलतात, म्हातारा थकला. ते कुणाला काही खुलासा करत नाहीत.

गेल्या महिन्यात एका सकाळी माझी मान धरली. उजवीकडं वळवता येईना. चाळीस वर्षांच्या सवयीनं मी ओसरीवर जाऊन आण्णांच्या पुढ्यात पाठ करून बसले आणि म्हणाले, "आण्णा, मान धरलीया."

मागून काही हालचाल झाली नाही. मग त्यांचा गुडघा माझ्या पाठीला लागला. एक हात हनुवटीखाली आला, दुसरा डोक्यावर. लहानपणापासून ओळखीचे तेच खरखरीत, गरम हात. आणि माझं सगळं अंग ताठ झालं. मी श्वास धरला. त्या हातांना ते कळलं असणार, कारण ते जागच्या जागी थांबले.

"भ्यालीस व्हय?" आण्णांनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी आधी हनुवटीखालचा हात काढला, मग डोक्यावरचा.

"मी बी," ते म्हणाले.